निर्मिती, नाश आणि तृष्णा

कलावंताने स्वतः घडविलेली कलाकृती स्वतःच नष्ट केली, असे ऐकले की अनेकांना त्याच्या त्यागाचे कौतुक वाटते. परंतु प्रत्येक नाश हा त्याग असतो काय? या प्रश्नाचा धम्माच्या प्रकाशात विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम रशियन लेखक निकोलाय गोगोल यांचे उदाहरण घेऊ. १८२९ साली त्यांनी टोपणनावाने एक दीर्घकाव्य छापले. त्यावर प्रतिकूल टीका होताच त्यांनी दुकानांतील प्रती गोळा करून जाळल्या. १८४२ साली 'डेड सोल्स' या त्यांच्या कादंबरीचा पहिला भाग गाजला. दुसऱ्या भागावर ते अनेक वर्षे झटत होते. परंतु असमाधान आणि पापाचे भय त्यांना ग्रासू लागले. फेब्रुवारी १८५२ मध्ये मॉस्को येथे एका रात्री त्यांनी ते हस्तलिखित जाळले. त्यांनी अन्नही सोडले. काही दिवसांतच, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनीही १९०८ साली, प्रदर्शन तोंडावर आले असता, कमळांच्या तळ्याची किमान १५ चित्रे नष्ट केली. पण त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये याच विषयावरील त्यांची ४८ चित्रे मांडली गेली.

आता तिबेटी भिक्खूंचे वालुका-मंडल पाहू. धातूच्या निमुळत्या नळीतून रंगीत वाळूची बारीक धार सोडत अनेक भिक्खू कित्येक दिवस वाकून काम करतात. १९८८ साली न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात असे मंडल लोकांसमोर रेखाटले गेले. मंडल पूर्ण झाले की ते विधिपूर्वक पुसतात आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. येथे राग नाही, निराशाही नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत, हा पाठ त्यातून मिळतो.

तथागतांनी तृष्णा तीन प्रकारची सांगितली : कामतृष्णा, भवतृष्णा आणि विभवतृष्णा. 'हे नकोच, हे नाहीसे होवो' अशी तळमळ म्हणजे विभवतृष्णा. म्हणजेच नष्ट करण्याची ओढ हीसुद्धा आसक्तीच होय. भिक्खूंचा हात मंडलावरून फिरतो तेव्हा मन शांत असते. गोगोल यांचे मन मात्र जळत होते. कृती वरून सारखी दिसली तरी चेतना भिन्न आहे.

हे आम्ही केवळ पुस्तके वाचून लिहीत नाही. कॉलेजात असताना एका मासिकाने आमच्या कविता परत पाठविल्या. त्या रात्री आम्ही दोन वह्या चुलीत घातल्या. अक्षरओळख नसलेली आमची आई म्हणाली, "बाबा, तुझ्या बापाला सही येत नव्हती रे. अन् तू लिवलेलं जाळतोस?" आज बँकेत मुदत संपलेली व्हाउचर्स नष्ट करतानाही रजिस्टरात नोंद होते, अधिकाऱ्यांच्या सह्या होतात. आमच्या कवितांची नोंद कोठेच राहिली नाही.

ज्यांच्या हाती पिढ्यानपिढ्या लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्या मुलांची पहिली वही हा समाजाचा ठेवा आहे. म्हणून आमच्या तरुण बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे : लिहिलेले आवडले नाही तर खोडा, सुधारा, पुन्हा लिहा. परंतु मन जळत असताना वही जाळू नका. मन शांत होऊ द्या. मग काय ठेवायचे आणि काय सोडायचे, ते ठरवा.