शिक्षणाचा स्तर आणि पक्षीय कल : सातारा व सांगलीचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास :
- शिक्षण व मतदान यांच्या संबंधाविषयीची ढोबळ विधाने तपासता येतील.
- पदवीधर मतदारसंघाचे अभ्यासातील महत्त्व सांगता येईल.

1. प्रास्ताविक

'सुशिक्षित मतदार अमुक पक्षाचा आणि अशिक्षित मतदार तमुक पक्षाचा' अशी विधाने निवडणुकीच्या काळात सर्रास ऐकू येतात. मतदान गुप्त असते आणि मतदाराचे शिक्षण मतयंत्रात नोंदले जात नाही. मग अशा विधानाला आधार कोणता, हा या घटकाचा विषय आहे.

2. विषय-विवेचन

2.1 जिल्ह्याची साक्षरता आणि निकाल

2011 च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची साक्षरता सुमारे 83 टक्के, तर सांगलीची सुमारे 81 टक्के होती. 2014 व मे 2019 च्या लोकसभा निवडणुकांत साताऱ्यात राष्ट्रवादी काँग्रेस आणि सांगलीत भारतीय जनता पक्ष विजयी झाला. साक्षरता जवळजवळ सारखी असूनही कौल भिन्न होता. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीवरून एकेका मतदाराने काय केले, हे कळत नाही. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे ही संशोधनातील नेहमीची चूक होय.

2.2 इतिहासाचा दाखला

1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता सुमारे 35 टक्केच होती. तरीही 1957 साली सातारा मतदारसंघाने सत्ताधारी काँग्रेसऐवजी कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेवर पाठविले. संयुक्त महाराष्ट्राची मागणी आणि 'प्रतिसरकार'च्या लढ्याची स्मृती यांचा तो प्रभाव होता. अक्षरओळख नसणे म्हणजे राजकीय समज नसणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

2.3 पदवीधर मतदारसंघ

राज्यघटनेच्या अनुच्छेद 171 नुसार विधान परिषदेचे सुमारे एक-द्वादशांश सदस्य पदवीधर निवडतात. पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात सातारा, सांगली, पुणे, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. येथे सर्वच मतदार पदवीधर असल्याने आपल्या प्रश्नासाठी हा मतदारसंघ विशेष उपयुक्त ठरतो.

2008 व 2014 मध्ये येथे भारतीय जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील विजयी झाले. त्यावरून 'पदवीधर भाजपचेच' असे म्हणता आले असते. परंतु डिसेंबर 2020 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे, सांगली जिल्ह्यातील कुंडलचे अरुण लाड निवडून आले. 2014 मध्ये हेच लाड पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध बंडखोर म्हणून उभे होते आणि मते विभागली होती. 2020 मध्ये महाविकास आघाडी एकत्र होती. म्हणजे मतदारांचे शिक्षण तेच, पण उमेदवार आणि आघाडी बदलताच निकाल बदलला.

तथापि येथेही मर्यादा आहे. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीस नव्याने तयार होते. त्यामुळे निकालातून दिसतो तो सर्व पदवीधरांचा नव्हे, तर नाव नोंदवून मतदान करणाऱ्यांचाच कल. नोंदणीसाठी जो पक्ष घरोघर पोहोचतो, त्याला साहजिकच लाभ होतो.

3. सारांश

शिक्षणाचा मतदानावर परिणाम होत असला, तरी तो एकट्याने पक्ष ठरवीत नाही. जात, शेती, सहकारी संस्था, उमेदवार आणि आघाड्या यांच्यासह त्याचा विचार करावा लागतो. विद्यार्थी मित्रांनो, पदवी मिळून तीन वर्षे झाल्यावर आपणही या मतदारसंघात नमुना 18 भरून नाव नोंदवू शकाल. अर्ज न भरल्यास पदवी असूनही 'पदवीधरांच्या मतात' आपले मत मोजले जाणार नाही.

4. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. जिल्ह्याच्या साक्षरतेवरून व्यक्तीचा पक्षीय कल का सांगता येत नाही?
2. 2014 व 2020 च्या पदवीधर निवडणुकांची तुलना करा.
3. आपल्या परिसरातील पाच पदवीधरांना नोंदणीविषयी विचारा. नोंदणी न करण्याची कारणे लिहा. त्यांनी मत कोणाला दिले, हे मात्र विचारू नका.