पाइक : दबा धरून बसलेला भाला

फ्लुइड मेकॅनिक्सच्या लेक्चरला ड्रॅगचं गणित सुरू झालं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर विमान येतं. माझ्या डोळ्यांसमोर हल्ली एक मासा येतो. त्याचं नाव पाइक! आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, हे मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीत मात्र पाइक म्हणजे लांब भाला, आणि हा मासा दिसतोही तसाच. इंग्लंड-आयर्लंडपासून रशियापर्यंत संथ नद्या, तळी, कालवे यांत तो सगळीकडे सापडतो.

बहुतेक माशांचा पाठीवरचा पर मधोमध असतो. याचा थेट शेपटीपाशी, आणि बरोबर त्याखाली पोटाकडचा पर. त्यामुळे शेपूट हलली की तिघांचं मिळून एकच मोठं वल्हं होतं. पाणगवतात हा निश्चल उभा राहतो, अंग इंग्रजी एससारखं वाकवतो आणि सुटतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्याचं कमाल त्वरण सरासरी १२० मी./से.² भरलं, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या बारापट! एमआयटीमध्ये १९९० च्या दशकात 'रोबोपाइक' नावाचा यांत्रिक मासा बनवला, तो काही उगाच नाही.

पण डिझाइनमध्ये फुकट काहीच मिळत नाही, बरं का. हे स्नायू एका झेपेसाठी आहेत. झुंज लांबली की त्यांत लॅक्टिक आम्ल साचतं आणि मासा पार गळून जातो. म्हणून बारीक दोरीवर त्याला तासभर खेळवण्यात मला तरी काही मर्दुमकी वाटत नाही. जाणकार गळवाले जाड दोरी वापरतात, मासा पटकन काठाला आणतात, गळ काढून सोडून देतात. उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा पुष्कळजण पाइकच्या वाटेलाच जात नाहीत.

दुसरी भानगड दातांची. खालच्या जबड्याचे दात सुरीसारखे, टाळूवरचे शेकडो बारीक दात आत वळलेले. नायलॉनची दोरी ते सहज कापतात. मग गळ घशात तसाच राहतो आणि मासा मरू शकतो. म्हणून गळाच्या वर स्टीलची तार लावायचीच, निदान ४५ सें.मी. पूर्वी इंग्लंडात मासा आमिष गिळेपर्यंत वाट बघत. आता पहिल्या खेचीलाच दोरी ताणतात, म्हणजे गळ तोंडातच अडकतो.

अंडी वसंतात, उथळ पाण्यातल्या झाडाझुडपांना चिकटतात. खूप मोठे पाइक म्हणजे बहुधा माद्याच. गळावरचा विक्रम १९८६ साली जर्मनीतला, सुमारे २५ किलोचा. ट्राउटच्या नद्यांतून पाइक काढून टाकायची पद्धत इंग्लंडात बरीच वर्षं होती. पण मोठे पाइक लहान पाइकनाही खातात. थोराड मादी गेली की या पिल्लावळीला खाणारं तोंडच तळ्यातून जातं.