सुकाळात पाहिलेला दुष्काळ



आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या आठव्या श्लोकावर. भगवंत इथे ज्ञानाची लक्षणं सांगतायत. नम्रता, अहिंसा, क्षमा अशी सगळी गोड यादी चालू असताना मध्येच एक लक्षण येतं: जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांतलं दुःख पुन्हा पुन्हा नजरेसमोर आणणं. यालाच 'अनुदर्शन' म्हटलंय.

पहिल्यांदा वाचलं की वाटतं, हे काय? सारखं वाईटाचंच चिंतन म्हणजे ज्ञान?

आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशात, शके १२१२ मध्ये, माऊलींनी याचा उलगडा केला. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: ज्ञानी माणूस संकट अंगाला शिवायच्या आधीच दुरून पाहतो. तरुण असतानाच म्हातारपण पाहतो. पण पाहून रडत बसत नाही. हातपाय, डोळे, वाचा धड आहेत तोवर त्यांच्याकडून करायचं ते करून घेतो.

म्हणजे काळजी आणि अनुदर्शन यात फरक आहे. काळजी भीतीच्या चित्रापाशीच थांबते. अनुदर्शन त्या चित्रातून आजचा एक निर्णय काढतं.

याचं जिवंत उदाहरण बघायचं तर आपलं हिवरे बाजार. गाव पर्जन्यछायेतलं, १९७२ च्या दुष्काळानंतर पार खचलेलं, कामासाठी लोक बाहेर पडलेले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने श्रमदान केलं, डोंगरावर चर खोदले, पाणी अडवलं. हे आपल्याला माहीत असतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला ते मोजायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची, ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअरवेल नाही. ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं नाहीत. आणि हे नियम पाऊस चांगला झाला तरी पाळायचे!

इथेच खरी मेख आहे. दुष्काळात जी चूक उघडी पडते, ती बहुतेक वेळा सुकाळात झालेली असते. विहीर भरलेली असताना कुणाला वाटतं की उपसा जास्त होतोय? आणि विहीर आटल्यावर घाबरलेला माणूस आणखी खोल बोअर घेतो, म्हणजे दुसरी चूक. हिवरे बाजारने निर्णय घेतला तो मन शांत असताना.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे पटायला हवं. रिलीज फसलं तर मागे कसं यायचं, हे आधी लिहून ठेवतात. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला आणि फोनवर फोन येऊ लागले की अक्कल चालत नाही, तेव्हा लिहिलेला कागदच चालतो. बॅकअप घेतलाय एवढं पुरत नाही, तो परत चढवून पाहावा लागतो.

मनाचंही तसंच. राग, मोह, अपयश येणार हे गृहीत धरलं तर नामस्मरणाची सवय बऱ्या दिवसांत लागते. संकट आल्यावर माळ शोधायला गेलं तर हात थरथरतात.

एक सावधगिरी मात्र हवी. सगळं संकट आपण अडवू शकत नाही. तयारी करूनही पाऊस पडेलच असं नाही. तयारी आपली, फळ त्याच्या हाती.

आजचा अभ्यास: संध्याकाळी दहा मिनिटं शांत बसा. सध्या सुरळीत चाललेली एक गोष्ट निवडा: नोकरी, तब्येत, एखादं नातं. ती वर्षभरात बिघडली असं समजा आणि का बिघडली, याची तीन कारणं लिहा. त्यातल्या एका कारणावर उद्या सकाळी करता येईल असं एक छोटं काम ठरवा. मग वही मिटा, हरिपाठ म्हणा आणि निवांत झोपा. काम ठरल्यावरही चिंता करत बसलात, तर ते अनुदर्शन नव्हे.

राम कृष्ण हरी!