छातीतली गाठ आणि एका पाळीची मुदत

पोरींनो, छातीत गाठ लागली की आपल्याकडच्या बायका एकमेकींना एकच विचारतात, "दुखतीय का?" दुखत नसली की निर्धास्त होतात. नर्सबाई म्हणून मी शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर हिंडले, गुऱ्हाळांवर बसले, रांजणगावच्या कंपनीत जाणाऱ्या मुलींच्या खोल्यांवर गेले. सगळीकडे हेच ऐकलं. म्हणून आधी हे ध्यानात ठेवा: कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही छात्या जड होऊन ठणकतात आणि पाळी येऊन गेली की ओसरतात, तो हार्मोनचा चढउतार. त्याची धास्ती घेऊ नका. न दुखणारी एकटी गाठ मात्र दाखवायचीच.

बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात. विशी-पंचविशीत बोटाखालून निसटणारी गुळगुळीत गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा असते. चाळिशीच्या आसपास पाणी भरलेली सिस्ट होते. अंगावर पाजणारीला दूध साचून गाठ येते. ताप आला, जागा लाल झाली, तर गळू होत असतं, लगेच दवाखाना गाठा. पण 'दुधाचीच आहे' म्हणत महिने काढू नका. दोन आठवड्यांत विरली नाही तर दाखवा. कॅन्सरची गाठ बहुतेकदा टणक, ओबडधोबड, जागची न हलणारी असते. तरी नुसत्या हातावर निदान होत नाही, डॉक्टरही करत नाहीत.

तपासायचं कसं? पाळी सुरू झाल्यापासून आठवडाभराने, अंघोळीला साबणाचा हात फिरवताना. मधल्या तीन बोटांची पेरं सपाट ठेवून गोल गोल फिरवा. आधी हलकं, मग जरा दाबून. चिमटीत धरू नका. चिमटीत धरलं तर कुणाच्याही छातीत गाठच लागते आणि बाई रात्रभर जागी राहते. हासळीपासून ब्लाऊजच्या खालच्या पट्टीपर्यंत हात जाऊ द्या, आणि काखेत. काख सगळ्या विसरतात. मग आरशापुढे हात वर करून बघा: कुठे खळी पडलीय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय का, बोंड नव्यानं आत ओढलंय का, न दाबता त्यातून रक्त येतंय का. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी.

आता थांबायचं किती? तिशीच्या आतली असाल आणि यातलं दुसरं काही नसेल, तर एक पाळी होऊ द्या. पाळीनंतरही गाठ तिथंच असली तर दवाखाना. तिशी ओलांडलेली, पाळी गेलेली, आई-बहिणीला हा आजार झालेला, किंवा आत्ता सांगितलेल्या खुणांपैकी एकही दिसली, तर त्याच आठवड्यात. घरात कुणालाच नव्हता म्हणून सुटलो, असं समजू नका. बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. ऊस तुटू दे, कांदा निघू दे, पोरीचं लग्न उरकू दे, असं म्हणत वर्ष गेलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि अजूनही जीव तुटतो. बिब्बा घालू नका, तेल लावून चोळू नका, पाल्याचा लेप नको. कातडी भाजते, गाठ राहते तिथंच, आणि बाई दवाखान्यात पोचेपर्यंत ती वाढलेली असते.

जायचं कुठं, याचं कोडं करू नका. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय. तिशीवरच्या बायकांचं तोंड, छाती आणि गर्भाशयाचं तोंड तपासणं हे तिथलं कामच आहे. ती तपासणी नर्सबाईची म्हणून कमी लेखू नका. टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी बायकांची छाती हातानं तपासून घेतली. वीस वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. आरोग्य मंदिरात शंका आली तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घ्या आणि पुण्याला ससून गाठा. दौंडकरणींना रेल्वेनं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही आहे. आधार, रेशनकार्ड जवळ ठेवा आणि जनआरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तरुण असाल तर सोनोग्राफी, चाळिशीपुढे मॅमोग्राफीही, आणि शंका असेल तर जागा बधिर करून जाड सुईनं तुकडा काढतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे. या भीतीनं पळून आलेल्यांचंच नुकसान होतं. आणि काढलेली कुठलीही गाठ तपासायला गेलीच पाहिजे. एका मुलीची गाठ एका छोट्या दवाखान्यात काढून टाकूनच दिली. पुढं त्याच जागी दुसरी आली, तेव्हा पहिली कसली होती हे कळायला काही मार्गच उरला नव्हता. रिपोर्ट मागून घ्या, पिशवीत घालून जपा.

मॅमोग्राफीला निघताना काखेत पावडर लावू नका, फोटोत तिचे ठिपके उमटतात. ब्लाऊज पुढून उघडणारा घाला, आणि तपासायला बाई डॉक्टर किंवा सोबत नर्सबाई हवी, असं बिनदिक्कत सांगा.