फाइल बदलायची आहे, तर एडिटरला रूट का करता?

प्रश्न : उबुंटूवर ‘एफस्टॅब’ फाइल बदलण्यासाठी मी टर्मिनलमधून ‘सुडो जीएडिट’ चालवतो. नव्या आवृत्तीत खिडकीच उघडत नाही, ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ असं येतं. काय करू?

उत्तर : तुमच्या मशीनवर बहुधा वेलँड ही डिस्प्ले यंत्रणा चालू आहे. तिथे रूटच्या प्रोग्रामला तुमच्या स्क्रीनवर आपोआप प्रवेश मिळत नाही. ‘एक्सहोस्ट’ कमांडने तो देता येतो, पण कृपया ती सवय लावून घेऊ नका.

ग्राफिकल एडिटर फक्त मजकूर बदलत नाही. थीम, फाँट, प्लगिन अशा बऱ्याच गोष्टी तो सोबत लोड करतो, आणि त्या सगळ्याला रूटचे अधिकार मिळतात. शिवाय 19.10 पूर्वीच्या उबुंटूत सुडो तुमचंच होम फोल्डर वापरायचं, त्यामुळे तिथल्या सेटिंग्जच्या फाइल रूटच्या मालकीच्या होत. लॉगिनला लागणाऱ्या ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलचं तसं झालं, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा समोर! असं कधी झालं, तर ‘चाऊन’ कमांडने तेवढ्याच फाइलची मालकी स्वतःकडे घ्या.

तुमच्या कामाला ‘सुडोएडिट’ वापरा. ते फाइलची तात्पुरती प्रत काढतं, एडिटर तुमच्याच नावाने चालवतं आणि शेवटी फक्त बदललेली प्रत रूटच्या अधिकाराने जागेवर ठेवतं. माऊसच हवा असेल, तर फाइल्स अॅपच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अॅडमिन:’ आणि पुढे तीन तिरक्या रेषा देऊन ‘ईटीसी’ लिहा. पासवर्ड विचारला जाईल.

बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे एफस्टॅबमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून त्यातली एक चूक बूट अडवू शकते. रीस्टार्टच्या आधी ‘सुडो माउंट -ए’ चालवून पाहाच.