वहीत साठ, काट्यावर साडेपंचेचाळीस

पुण्याहून माझी बदली सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली, तेव्हा बॅगेत कपड्यांच्या आधी जिमची वही गेली. सहा वर्षांच्या नोंदी होत्या तिच्यात. सोमवारी स्क्वॉट, बुधवारी बेंच, शुक्रवारी डेडलिफ्ट.

गावात व्यायामशाळा एकच. आखाड्याला लागून पत्र्याची खोली. आत एक बारीक बार, दहाच्या चार प्लेटा, पाच, साडेसात, दहा आणि पंधरा किलोंच्या डंबेल्सची एकेक जोडी, एक बाक, सिंगल बार, डबल बार आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेले मुद्गल. स्क्वॉटचा स्टँड नव्हता. वहीत मात्र लिहिलं होतं : साठ किलो, पाच सेट. मग मी बार जमिनीवरून उचलून छातीशी घ्यायचो, डोक्यावरून मागे नेऊन मानेखाली ठेवायचो, बैठका मारायचो आणि त्याच वाटेने खाली आणायचो. दोन आठवडे निभावलं. तिसऱ्या सोमवारी चौथ्या सेटला बार उचलताना कमरेत अशी उसण भरली की वस्ताद आणि दोन पोरांनी मला धरून रिक्षात बसवलं. हाडाला काही नव्हतं, स्नायू दुखावला होता. तीन आठवडे वजनाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

पडल्या पडल्या दुसरं सुचेना, म्हणून शेजारच्या भुसारी दुकानदाराच्या काट्यावर सगळं लोखंड मोजून आणायला पोरांना सांगितलं. पुण्यातला बार २० किलोंचा, म्हणून इथलाही तेवढाच धरला होता. तो निघाला ७.८. ‘दहा’च्या चार प्लेटा भरल्या १०.४, ९.७, ८.६ आणि ९.१. म्हणजे माझे साठ किलो प्रत्यक्षात ४५.६ होते. शिवाय पहिल्या दोन एका बाजूला आणि उरलेल्या दुसऱ्या बाजूला लावल्या असतील, तर एकीकडे २.४ किलो जास्त. कमी वजनाने कंबर गेली, हे कळल्यावर जास्त लाज वाटली.

खरी गोम उंचीत होती. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. इथल्या प्लेटा जेवणाच्या ताटाएवढ्या. बार नडगीच्या पार खाली. तो धरायला वाकलं की पाठीला कुबड यायचंच, आणि दमलेल्या चौथ्या सेटला तर हमखास. आता मी प्लेटांखाली लाकडी ठोकळे ठेवतो, बार साडेबावीसवर आणतो आणि मगच डेडलिफ्ट करतो. विटा नकोत, वजन आपटलं की फुटतात.

तेव्हा नव्या ठिकाणी गेलात तर पहिल्या दिवशी घाम गाळू नका. मोजा. बार, प्लेटा, डंबेल्स, सगळं काट्यावर घाला आणि जुळत्या प्लेटांच्या जोड्या लावा. बारची कुलपं आहेत का बघा; नसतील तर एका बाजूची प्लेट घसरते आणि दुसऱ्या बाजूने बार उसळतो.

मग वहीतल्या व्यायामाचं नाव सोडून काम बघा. स्क्वॉटचं काम मांड्यांना राबवायचं. ते मी आता मागचा पाय बाकावर ठेवून, दोन्ही हातांत पंधराची डंबेल्स घेऊन, एका पायावर करतो. खाली जाताना तीन सेकंद, तळाशी एक सेकंद थांबा, मग वर. पाठीवर काही नाही, पडायची वेळ आली तर डंबेल्स सोडून द्यायची. दहा-बारा झाल्यावर पुण्यातले बलदंड मित्रही गप्प बसतात. (एक जण बाकावरून उठलाच नाही.)

डंबेल्समध्ये दहानंतर थेट पंधरा आहे, म्हणजे दीडपट उडी. ती लगेच मारायची नाही. दहावर आठाचे दहा, बारा, पंधरा, वीस होऊ द्यायचे, मग पंधरा उचलून पुन्हा सात-आठपासून सुरुवात. आणखी दोन जेमतेम निघतील असं वाटलं की सेट थांबवा. हलक्या वजनानेही इतकं ओढलं तर स्नायू भरतात. मधल्या वजनासाठी पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. लिटरला एक किलो, हिशेब सोपा. बेंचऐवजी पाय बाकावर ठेवून, तीच सॅक पाठीवर घेऊन जोर. डबल बारवर डिप्स, सिंगल बारवर पुलअप्स.

वस्ताद माझी डंबेल्सची कसरत बघून हसायचे. “साहेब, लोखंड कमी हाय, पर जमीन लई हाय की,” असं म्हणून गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या ब्राँझ पदकाचं नाव काढायचे. त्यांचा मान राखून सांगतो, पैलवानाचं अंग नुसत्या जोर-बैठकांनी घडत नाही. रोज समोर तेवढ्याच वजनाचा जिवंत माणूस ढकलायला असतो. तो आपल्याला नसतो. चवड्यांवरच्या झपाझप बैठका माझ्या चव्वेचाळिशीच्या गुडघ्यांना मानवल्या नाहीत, त्या मी सोडल्या. मुद्गल मात्र वस्तादांकडून शिकलो, सर्वांत हलक्या जोडीने, आणि खांद्याची जुनी कटकट कमी झाली.

हेही खरं, की एका दमात जास्तीत जास्त किती उचलता येतं हेच तुमचं ध्येय असेल, तर या खोलीत भागणार नाही. जड वजनाची सवय जड वजनानेच होते. त्यासाठी मी महिन्यातून दोन रविवार सांगलीला जातो, तिथे स्टँड आहे आणि पाठीमागे उभा राहणारा माणूसही.

प्लेटांवर आता ऑइलपेंटने खरी वजनं लिहिली आहेत. ८.६ ची प्लेट शोधायची असली की पोरं एकमेकांना ओरडून विचारतात, “अरे, साहेब कुठं हाय?”