आमचा फोटो काळा का आला?

(इयत्ता ४ थी)

बालमित्रांनो, आणि शाळेत आल्यावर इथे थांबून वाचणाऱ्या पालकांनो, या लेखाच्या खाली दोन फोटो चिकटवले आहेत. डावीकडचा काळा आहे. तो मी काढला. उजवीकडचा चांगला आहे. तोही मीच काढला. डावीकडून उजवीकडे यायला मला दोन महिने लागले. ते कसे, ते लिहिते.

जानेवारीत आमची सहल जुन्नरला गेली होती. आपल्या आंबेगाव तालुक्यापासून जुन्नर काही फार लांब नाही, पण वर्गातल्या पुष्कळ मुलांनी शिवनेरी पाहिलेला नव्हता. सहलीसाठी मामाने मला त्याचा जुना डिजिटल कॅमेरा दिला. तो म्हणाला, "दोरी मनगटात अडकव, अन् माकडांपास्नं जप." लेण्याद्रीला माकडे फार आहेत. एका मुलीच्या हातातला केळ्यांचा पुडा एका माकडाने असा नेला की तिला आधी कळलेच नाही.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बीडकडची आहे. तिचे आईवडील ऊस तोडायला इकडे येतात. दिवाळीनंतर ती आपल्या शाळेत येते आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत जाते. तिच्याकडे शाळेतला एकही फोटो नव्हता. एसटीत ती मला म्हणाली, "मला एक फोटू दे. गावाकडं म्हातारीला दाखवीन, का मला बी इतक्या मैत्रिणी हायेत म्हणून." मी म्हटलं, देते.

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. गिरिजात्मजाचे दर्शन घेतले. अष्टविनायकांपैकी हा एकच गणपती डोंगरातल्या लेण्यात आहे. त्याच्या शेजारी चैत्यगृह आहे. दोन्ही बाजूंना दगडी खांबांची रांग आणि शेवटी गोल स्तूप. कल्याणच्या एका माणसाने हे लेणे दान दिले, असे तिथल्या शिलालेखात आहे, हे गुरुजींनी सांगितले. आत अंधार होता आणि गार होते. गुरुजींनी रखवालदारांना विचारले, फ्लॅश चालेल का? ते हो म्हणाले. (अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही. तिथे भिंतींवर जुनी चित्रे आहेत, त्यांना तो उजेड सोसत नाही.)

सगळा वर्ग स्तूपापुढे उभा राहिला. मैत्रिणीला आम्ही मधे उभे केले. मी दारात राहिले, कारण मला खांब, स्तूप आणि मुले सगळेच पाहिजे होते. मग चेहरे बारीक दिसायला लागले म्हणून मी झूम केला. फ्लॅश लखकन चमकला. सगळे "झाला, झाला" म्हणून ओरडले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शाळेच्या कॉम्प्युटरवर फोटो लावले. जवळचे दोन खांब चुना लावल्यासारखे पांढरे, आणि मागे नुसता काळोख. काळोखात काहीतरी उभे आहे एवढेच समजत होते. मैत्रीण पुढे झाली, पडद्याला नाक लावून बघितले आणि म्हणाली, "यातली मी कंची?"

मला काही बोलता आले नाही.

मुलांनी कारणे सांगितली. कॅमेरा बिघडला. सेल संपले. एक जण म्हणाला, लेण्यात फोटो येतच नसतो. गुरुजी म्हणाले, "अंदाज सगळ्यांनी सांगितले, आता बघून सांगा."

पहिला प्रयोग पुठ्ठ्याचा. हा घरी करता येतो. पुठ्ठ्याला ५ सेंटीमीटरचे चौकोनी भोक पाडायचे. एका मोठ्या कागदावर तेवढ्याच मापाची घरे आखायची. मोबाईलची बत्ती लावून भोकाचा पुठ्ठा तिच्यापासून २० सेंटीमीटरवर धरायचा. आखलेला कागद पुठ्ठ्याला चिकटून धरला तर एका घरात उजेड पडतो. कागद बत्तीपासून ४० सेंटीमीटरवर नेला तर तोच उजेड ४ घरांत पसरतो. ६० वर नेला तर ९ घरांत. उजेड तेवढाच, घरे जास्त. एका भाकरीचे चार वाटेकरी झाले तर प्रत्येकाला चतकोर मिळते, तसे. म्हणजे अंतर दुप्पट झाले तर उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. मला आधी निम्मा वाटले होते. घरी आप्पांनाही निम्माच वाटले होते. मग मी आमच्या ओट्यावर प्रयोग करून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "आयला, खरंच की!"

दुसरा प्रयोग कॅमेऱ्याचा. वर्गाच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला. जमिनीवर खडूने मीटर-मीटरवर रेघा मारल्या. एक मुलगा रेघेवर उभा आणि मी भिंतीपाशी. १ मीटरवर त्याचे तोंड पिठात बुचकळल्यासारखे आले. २ मीटरवर छान. ३ मीटरवर मळकट. ४ वर अंधारी, आणि ६ वर तो आहे की नाही तेच कळेना. तो म्हणाला, मी तर सगळीकडे सारखाच उभा होतो.

मग गुरुजींनी गणित घातले. लेण्यात आम्ही किती लांब होतो? दारापासून स्तूपापर्यंत माझ्या पावलांच्या अंदाजाने दहा मीटर तरी. चांगला फोटो येतो २ मीटरवर. दहा म्हणजे दोनाची पाचपट. पाचा पाचा पंचवीस. फ्लॅशचा पंचविसावा हिस्साच मुलांच्या तोंडावर पडला! दारातला खांब जवळ होता, त्याने सगळी भाकरी खाल्ली.

सूर्याचेही असेच आहे, गुरुजी म्हणाले. गुरू हा ग्रह सूर्यापासून आपल्यापेक्षा पाचपटीहून थोडा जास्त लांब आहे, म्हणून तिथे आपल्या सत्ताविसाव्या हिश्शाएवढाच उजेड पोचतो. आणि जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर रुंद. एवढ्या मोठ्या का? तर फार लांबून येता येता लहरी इतक्या पसरतात की आपल्यापर्यंत अगदी थोड्या पोचतात. त्या गोळा करायला मोठे सूप लागते. हे मला फार आवडले. पण आपण फोटोकडे येऊ.

मामाकडून कॅमेऱ्याची पुस्तिका मागवली. तिच्यात लिहिलेच होते, फ्लॅश साडेतीन मीटरपर्यंत, आणि पूर्ण झूम केल्यावर २ मीटरपर्यंतच. पुस्तिका कोणी वाचत नाही. मामानेही वाचली नव्हती. झूम केल्यावर अंतर कमी का होते? ज्या भोकातून उजेड कॅमेऱ्यात जातो त्याचा आकडा पुस्तिकेत होता. झूम न करता २.८, पूर्ण झूम केल्यावर ५.६. आकडा वाढला की उजेड कमी. हा आकडा दुप्पट झाला तर उजेड पुन्हा चौथा हिस्सा! म्हणजे लेण्यात मी आधी लांब राहिले आणि वर झूम करून राहिलेल्या चतकोराचीही चतकोर केली. झूम करून आपल्याला जवळ गेल्यासारखे वाटते, पण फ्लॅश आहे तिथेच असतो. पाय उचलून पुढे जावे लागते.

अजून एक बटण सापडले. त्याला आय.एस.ओ. म्हणतात. मामाने ते १०० वर ठेवले होते. ४०० वर केले की कॅमेऱ्याला चौथ्या हिश्शाचा उजेडही पुरतो. खडूच्या रेघांवर पुन्हा फोटो काढले. ४ मीटरवरचा मुलगा आता आधीच्या २ मीटरसारखा स्वच्छ आला. मग सगळे म्हणाले, आकडा अजून वाढव. १६०० केला तर फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके आले. म्हणून ४०० बरा.

काळा फोटो कॉम्प्युटरवर उजळ करता येतो का, हेही पाहिले. गुरुजींनी उजेड वाढवला. काळोखाचा राखाडी झाला, त्यात लाल-हिरवे ठिपके आले, आणि मैत्रिणीच्या जागी एक भुरके तोंड दिसले. नाक-डोळे नाहीत. जे आत आलेच नाही ते बाहेर कुठून काढणार?

पालकांसाठी थोडे सांगते, कारण लग्नात आणि सप्ताहात तुम्ही मोबाईलवर फोटो काढता आणि "अंधारीच आला" म्हणता. मोबाईलची बत्ती तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशपेक्षाही अशक्त असते. मंडपाच्या या टोकाकडून त्या टोकाच्या नवरीवर ती पोचत नाही.

आमच्या गावच्या सप्ताहात मी टाळकऱ्यांचा फोटो काढला होता. अंतर बरोबर, झूम नाही, तरी मळकट आला. सगळ्यांचे धोतर, सदरे, टोप्या पांढऱ्या, मागे देवळाची चुन्याची भिंत. याचे कारण गंमतीचे आहे. फ्लॅश आधी एकदा बारीक चमकतो आणि किती उजेड परत आला ते कॅमेरा मोजतो. पांढऱ्यावरून पुष्कळ परत येतो. कॅमेऱ्याला वाटते, इथे उजेड फार झाला, आणि मग तो खरा फ्लॅश कमी सोडतो. त्याला टोपी कळत नाही आणि भिंत कळत नाही. तेव्हा अधिक-उणेचे बटण असते, ते +१ करायचे. आजोबांचे धोतर धुतल्यासारखे येते.

शिवनेरीच्या दरवाज्यात काढलेला फोटोही काळा होता, तो भर दुपारचा. मागे आकाश होते म्हणून तोंडे काळी आली. तिथे उन्हात फ्लॅश लावायचा, मात्र जवळ जाऊन. हे ऐकून माझी आजी हसली. दिवसा दिवा लावायचा म्हणजे काय!

फ्लॅशपुढे बोट येते. माझ्या धाकट्या भावाचे नेहमी येते. आणि एक फोटो काढल्यावर लगेच दुसरा काढू नये. फ्लॅशला वीज साठवायला वेळ लागतो, तोवर लहान दिवा लुकलुकत असतो. पेन्सिल सेल जुने असतील तर जास्तच वेळ. ती साठवलेली वीज तीनशे व्होल्टच्या आसपास असते, तेव्हा कॅमेरा कोणीही खोलू नये. सेल काढले तरी ती आत राहते. पूर्वी फोटोवाले मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड करत, त्यात भाजतही असे.

हे सगळे होईपर्यंत मार्च आला. कारखान्याचा पट्टा पडणार, असे कळले. मैत्रीण म्हणाली, "आम्ही परवा जानार." दिवसभर तिच्या घरचे फडात, ती धाकट्या भावाला सांभाळणार. म्हणून आम्हीच सगळे संध्याकाळी तिच्या कोपीवर गेलो. गुरुजीही आले. दिवस मावळला होता. ट्रॅक्टर उभा होता आणि अर्धे सामान ट्रॉलीत भरले होते.

आता अडचण अशी की २ मीटरवरून सगळा वर्ग मावत नाही. मी पुढच्यांना खाली बसवले, मधल्यांना गुडघ्यांवर, मागच्यांना उभे केले आणि खांद्याला खांदा लावायला सांगितले. पावलाने मोजून साडेतीन मीटरवर उभी राहिले. झूम नाही. आय.एस.ओ. ४००. बोट बघितले. पहिला काढला तेव्हा एकाने डोळे मिटले. घाईने दुसरा काढला तर फ्लॅश चमकलाच नाही, पूर्ण काळा! मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. लहान दिवा लुकलुकत होता. सगळ्यांनी मोठ्याने वीसपर्यंत अंक म्हटले. दिवा थांबला. मग तिसरा काढला.

गुरुजींनी तो रात्रीच तिच्या वडिलांच्या मोबाईलवर पाठवला. मंचरहून कागदावर छापून यायला चार दिवस लागले, तोवर त्यांचा ट्रॅक्टर गेला होता. नंतर तिच्या वडिलांचा फोन आला. म्हातारीने फोटो पाहिला आणि कोणी न सांगता नातीवर बोट ठेवले, असे ते म्हणाले.

मधल्या ओळीत डावीकडून चौथी, ती माझी मैत्रीण. उजवीकडचा हा फोटो तिचा आहे. दिवाळीनंतर ती आली की तिला द्यायचा आहे, म्हणून फक्त कोपऱ्यांना डिंक लावला आहे. कोणीही ओढू नये.